पित्याशी बोलायला शिकताना

रविवारी वायल्डर मेमोरियल चर्चच्या उपासनेत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना तुमचं मन मागे सरत असेल, तर आधी बायबलमधलं लूक 15:11-32, म्हणजे उधळ्या मुलाची गोष्ट, सावकाश वाचा. आठवडाभर तेवढंच. 18 आणि 19 व्या वचनांत धाकटा मुलगा घरी गेल्यावर काय बोलायचं ते ठरवतो: मी पाप केलंय, मला चाकरासारखं ठेवा. आता 21 वं वचन बघा. चाकराचं वाक्य तिथे येतच नाही! बापाने आधीच धावत येऊन मिठी मारलेली असते, लगेच झगा, अंगठी, जोडे मागवले जातात. थोरल्यालाही वगळू नका. 28 व्या वचनात त्याची समजूत काढायला बाप स्वतः बाहेर येतो.

ज्यांनी घरात वडिलांचा मार किंवा दारू पाहिली, त्यांचं इथेच अडतं. तोच चेहरा देवाला चिकटतो. अशांनी स्वतःवर जबरदस्ती करू नये. देव बापासारखी दया करतो असं सांगणाऱ्या स्तोत्र 103:13-14 पासून सुरुवात करावी, पाळकांशी मोकळेपणाने बोलावं.

प्रार्थनेला पाच मिनिटं पुरेत. मत्तय 6:9-13 चा, म्हणजे ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ याच प्रार्थनेचा क्रम धरा: आधी देवाचं नाव, राज्य, इच्छा, मग भाकर आणि क्षमा. नुसत्या मागण्या मांडल्या, की उत्तर लांबल्यावर मन रुसतं. रुसलात तर तेही त्यालाच सांगा, स्तोत्र 13 तसंच सुरू होतं.