रिकाम्या ओळी असलेली आणि रोज वाढणारी एक्सेल रेंज नव्या फंक्शन्सनी कशी हाताळावी?

आपला प्रश्न असा आहे की बेरीज घेण्यापूर्वी मधल्या रिकाम्या ओळी काढून टाकाव्यात, की नवी फंक्शन्स वापरावीत. माझे मत स्पष्ट आहे: मूळ शीटमधील एकही ओळ काढू नये.

देवगड तालुक्यातील आमच्या पॅकिंग शेडमधून आसपासच्या बागायतदारांचा आंबा एकत्र वाशीला जातो. शेडमधील मुले पूर्वी वहीत लिहीत तशीच एक्सेलमध्ये लिहितात. बागायतदाराचे नाव एकदाच, त्याखाली चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेट्यांच्या ओळी, त्या ओळींत नावाचा रकाना कोरा, आणि दिवस संपला की एक ओळ मोकळी. एका हंगामात आमच्या हिशेबनिसांनी नावाच्या रकान्यातील कोरे सेल एकदम निवडले आणि त्या सगळ्या ओळी डिलीट केल्या. शीट देखणी झाली, पण प्रत्येक नोंदीतील फक्त पहिली ओळ उरली. वाशीहून पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, आल्या तेव्हा पेट्यांचा मेळ बसेना, आणि ज्यांनी वर्षभर कलमे राखली त्यांना आमच्या पडवीत बसून आपल्याच पेट्यांचा पुरावा द्यावा लागला. ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

हिशेबनिसांचा आग्रह अजूनही हाच आहे की प्रत्येक ओळीत नाव लिहिण्याची शिस्त मुलांना लावावी. गाडी भरण्याच्या घाईत ते होणार नाही, आणि होण्याची गरजही उरलेली नाही.

दुसऱ्या शीटवर लेट (LET) फंक्शनमध्ये, म्हणजे सूत्रातील टप्प्यांना नावे देणाऱ्या फंक्शनमध्ये, आधी ट्रिमरेंजने (TRIMRANGE) पूर्ण रकाने घ्यावेत; एका रकान्यात 10,48,576 ओळी असतात, त्यांतील कडेच्या रिकाम्या ओळी ते छाटते, मधल्या मात्र नाही. संपूर्ण तक्ता एकत्रच छाटावा, कारण नावाचा रकाना वेगळा छाटला तर शेवटच्या बागायतदाराच्या खालच्या ओळी त्यात येत नाहीत आणि रकान्यांची लांबी जुळत नाही. मग चूजकॉल्सने (CHOOSECOLS) नावांचा रकाना वेगळा काढून एकेक सेल क्रमाने पाहणारे स्कॅन (SCAN) आणि त्याला नियम सांगणारे लॅम्डा (LAMBDA) यांनी वरचे नाव खाली उतरवावे: सेल कोरा असेल तर आधीचे नाव, नसेल तर त्यातलेच. एचस्टॅकने (HSTACK) ही नावे बाकीच्या रकान्यांशेजारी ठेवावीत आणि ज्या ओळीत पेट्यांची संख्या आहे तीच ओळ फिल्टरने (FILTER) घ्यावी. नवी नोंद झाली की निकाल आपोआप वाढतो, आणि शंका आली तर मूळ नोंद जशीच्या तशी समोर असते.

वेबपेजवरून चिकटवलेल्या नावांत 160 क्रमांकाचे, साध्या स्पेससारखेच दिसणारे मोकळे अक्षर असू शकते. जादा स्पेस काढणारे ट्रिम (TRIM) ते काढत नाही. एका अक्षराच्या जागी दुसरे घालणारे सब्स्टिट्यूट (SUBSTITUTE) वापरावे लागते.

हेही सांगायला हवे की निकालाखालचे सेल मोकळे नसतील तर निकाल पसरायला जागा नसल्याची स्पिलची (#SPILL!) त्रुटी येते, आणि ट्रिमरेंज मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये मिळते. आपल्याकडे एक्सेल 2021 असेल तर त्यात फिल्टर आणि लेट आहेत, पण स्कॅन आणि लॅम्डा नाहीत. तेव्हा दुसऱ्या शीटवर एक मदतीचा रकाना घेऊन इफने (IF) वरचे नाव खाली आणावे, आणि आपले हिशेबनीस कितीही म्हणाले तरी मूळ शीटला हात लावू देऊ नये.