दाढेची कीड नसेपर्यंत गेली आहे. लेझरने नस वाचते का, की सरळ रूट कॅनाल करावं? नाशिकमध्ये खर्च किती येतो?

वाचू शकते, पण लेझरच्या जोरावर नाही. मी अंबड एमआयडीसीत पत्रा कापायच्या लेझर मशीनवर असतो, त्यामुळे 'लेझर' शब्दाने माझे डोळे दिपत नाहीत. खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, वेव्हलेंग्थ किती? दाताच्या डॉक्टर मॅडम हसल्या, "980, डायोड." म्हणजे दात कापणारा लेझर नव्हेच. दात कापतो तो 2940 नॅनोमीटरचा एर्बियम, कारण तो पाण्यात शोषला जातो. डायोडचं काम रक्त थांबवणं आणि वरवरचे जंतू मारणं, बस्स.

माझीही खालची दाढ अशीच किडली होती. आधीच्या दवाखान्यात नुसता एक्स-रे बघून रूट कॅनालची तारीख दिली. या मॅडमनी गार फवारा मारलेला बोळा दाताला टेकवला. कळ कानापर्यंत गेली, पण बोळा काढताच ओसरली. म्हणजे नस चिडलीय, मेली नाही. तीच कळ रेंगाळली असती किंवा रात्री आपोआप ठणका लागत असता, तर त्यांनी नस वाचवायचा घाट घातलाच नसता. तुम्ही नेमकं हेच लिहिलेलं नाही.

भूल दिली, दाताभोवती रबर डॅम ताणला, म्हणजे लाळ आत येऊ नये म्हणून लावायचा रबराचा पातळ पडदा. कडेची कीड सगळी खरवडली आणि तळाशी नस टाचणीच्या टोकाएवढी उघडी पडली. मला स्क्रीनवर दाखवली: पिवळट दातात लालभडक ठिपका, हळूहळू फुगत चाललेला. हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा बोळा, मग लेझर कमी पॉवरवर, थांबून थांबून. कारण उष्णतेनेच नस मरू शकते. (1965 साली माकडांच्या दातांवर प्रयोग झाला होता; आत 5.5 अंश वाढल्यावरच काही नसा दगावल्या.) ठिपका सुकला. त्यावर एमटीए, म्हणजे उघडी नस झाकायचं सिमेंट, वर पक्कं फिलिंग. नसेवर नवं डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) धरतं ते या सिमेंटखाली, तेही लाळ आत शिरली नाही तरच. पैसे मोजायचे ते यासाठी.

आमच्या साडूंचं मत, "हे पैसे उकळायचे धंदे. रूट कॅनाल करा नि मोकळे व्हा." त्यांनी केलं. वर कॅप मात्र नको म्हणाले, खर्च वाचवला. दिवाळीत चिवड्यातल्या दाण्यावर दाढ उभी चिरली, उपटावी लागली. जिवंत दात दुखून सांगतो तरी!

हां, सांगायचं राहिलं. नस नंतर गुपचूप मरूही शकते, म्हणून अधूनमधून एक्स-रे काढावाच लागतो, आणि मेलीच तर रूट कॅनाल आहेच. सूज किंवा पू असेल तर वरचं काही लागू नाही. मी डॉक्टरही नाही.

खर्च दवाखान्यागणिक वेगळा. लेझरचे आणि सिमेंटचे पैसे वेगवेगळे लिहून मागा. लेझर नसला तरी चालेल. रबर डॅम आणि एमटीए किंवा बायोडेंटिन (तसंच दुसरं सिमेंट) नसेल तर उठून या. खिसा तंग असेल तर पंचवटीतल्या केबीएच डेंटल कॉलेजात विचारा. साडूंनाही तेच सुचवलं होतं. "शिकाऊ पोरांच्या हातात तोंड देऊ?" म्हणाले. आता इम्प्लांटचे दर विचारत फिरतायत.