‘नैसर्गिक नागरिक’ म्हणजे नॉर्मल डिलिव्हरीवाला का?

सीताबर्डीतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीने विचारलंय: अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ‘नॅचरल बॉर्न सिटिझन’ असावा लागतो. मराठीत त्याला नैसर्गिक नागरिक म्हणायचं, जन्मसिद्ध की जन्मजात? आणि आपल्या राष्ट्रपतींनाही हीच अट आहे का?

‘नैसर्गिक’ आधी खोडा. मराठी कानाला त्यात प्रसूतीच ऐकू येते, मग सिझेरियनने जन्मलेल्यांनी काय घोडं मारलंय? इथल्या ‘नॅचरल’चा निसर्गाशी संबंधच नाही. जुन्या इंग्लिश कायद्यात जन्मापासून राजाची प्रजा असणारा तो ‘नॅचरल बॉर्न सब्जेक्ट’, आणि परक्याला प्रजा करून घेणं म्हणजे ‘नॅचरलायझेशन’. १७८७ साली घटना लिहिताना अमेरिकेने राजा काढला, प्रजेच्या जागी नागरिक आणला. विशेषण तेवढं जुनंच राहिलं.

‘जन्मसिद्ध’ टिळकांच्या हक्कापाशीच शोभतो. शिवाय जन्म अमेरिकेतलाच का, या विरोधकांच्या शंकेपायी ओबामांना २०११ मध्ये सविस्तर जन्मदाखला जाहीर करावा लागला, तिथे ‘सिद्ध’ कसलं!

‘जन्मजात’ नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत चालतो, जोडीला ‘स्वीकृत’ असतो. चूक नाही, पण मला रुचत नाही. जन्मजात म्हणजे व्यंग, वैर, नाहीतर गोड गळा. अंगातच असलेलं काहीतरी. नागरिकत्व कायदा देतो. आणि ‘स्वीकृत’ म्हटलं की आम्हा नागपूरकरांना महापालिकेतला, निवडणूक न लढता आलेला नगरसेवकच दिसतो.

खरी मेख आहे ती ‘जन्माने नागरिक’मध्ये. शब्द साधा दिसतो, पण आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यात ‘जन्माने’ म्हणजे या भूमीवर जन्मून; परदेशात भारतीय आईबापांच्या पोटी जन्मलेला येतो तो ‘वंशाने’. आता राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेले दोघे घ्या: जॉन मॅकेन जन्मले पनामा कालव्याच्या क्षेत्रात, टेड क्रूझ कॅनडातल्या कॅलगरीत. पहिल्याचे आईवडील अमेरिकी, दुसऱ्याची आई. हे पात्र की अपात्र, यावरच तिथे वाद झाला, कारण घटनेत व्याख्याच नाही. अनुवादकाने ‘जन्माने’ लिहिलं तर त्या वादाचा निकाल त्याने परस्पर लावल्यासारखं होतं. म्हणून मी ‘जन्मतः नागरिक’ लिहीन. तो फक्त केव्हापासून ते सांगतो. माती की रक्त, हा प्रश्न मोकळा ठेवतो. ऑस्ट्रियात जन्मून पुढे अमेरिकेचे नागरिक झालेले अभिनेते श्वार्झनेगर मात्र या शब्दाबाहेरच राहतात. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले, राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाहीत.

आपल्याकडे कलम ५८ पाहा: भारताचा नागरिक, वयाची ३५ वर्षं पूर्ण, लोकसभेवर निवडून येण्यास पात्र. जन्म कुठे झाला, ते विचारलेलं नाही. नोंदणीने झालेला नागरिकही चालतो. म्हणूनच १९९९ मध्ये शरद पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांना राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान ही पदं जन्मतः नागरिकांपुरती ठेवणारी घटनादुरुस्ती मागावी लागली. रोख होता इटलीत जन्मलेल्या सोनिया गांधींवर; त्या १९८३ पासून नागरिक होत्याच. तेव्हा चर्चेत शब्द रुळला तो मात्र ‘विदेशी मूळ’.

आणि आपल्या बोलण्यातलं ‘मूळ’ काही केल्या सुटत नाही. धरमपेठेत तीन पिढ्या काढलेल्या माणसालाही शेजारी विचारतोच, “तुम्ही मूळचे कुठले बाप्पा?” तोही मुकाट्याने भंडारा नाहीतर छिंदवाडा सांगतो.