अमेरिकी राजकारणातले रेड स्टेट, जेरीमँडरिंग, फिलिबस्टर म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेच्या बातम्या वाचताना रेड स्टेट, जेरीमँडरिंग, फिलिबस्टर, लेम डक हे शब्द आले की गाडी अडते, असं तुम्ही म्हणता. माझीही अडायची. मी बातम्यांची भाषांतरं करतो. नवा असताना एकदा 'टेक्सास हे लाल राज्य' असं लिहून दिलं, तर वरिष्ठ म्हणाले, "टेक्सासात लाल बावटा कधी फडकला रे?"

आपल्याकडे लाल म्हटलं की कम्युनिस्ट. तिकडे लाल म्हणजे रिपब्लिकन, चक्क उजवे. निळे ते डेमोक्रॅट. हे रंग फार जुनेही नाहीत. १९८० साली एनबीसी वाहिनीच्या नकाशात रिपब्लिकन रेगन यांनी जिंकलेली राज्यं निळी होती. २००० साली बुश-गोर यांच्या अध्यक्षपदाच्या लढतीचा निकाल फ्लोरिडा राज्यापायी महिनाभर लटकला, रोज तोच नकाशा टीव्हीवर दिसत राहिला आणि लाल-निळं पक्कं झालं.

जेरीमँडरिंग हा माझा लाडका शब्द. १८१२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सत्ताधाऱ्यांनी राज्याच्या सिनेटचे (विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचे) मतदारसंघ आपल्या सोयीने आखले आणि गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही ठोकली. त्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याला पंख, नख्या आणि जबडा काढून छापलं. दिसायला सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा प्राणी, म्हणून गेरीमँडर. (साहेबांचं आडनाव 'गेरी', पुढे लोकांनी त्याचं 'जेरी' केलं.) पक्षाने सिनेट राखलं, पण गेरी स्वतः त्याच वर्षी गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. गव्हर्नरला अख्खं राज्य मत देतं, आणि अख्ख्या राज्याची हद्द थोडीच वाकवता येते!

युक्ती अजून तीच आहे: विरोधकांची मतं एका मतदारसंघात कोंबायची, उरलेली चार ठिकाणी पांगवायची. आपल्याकडे मतदारसंघांची पुनर्रचना आयोग करतो. तिकडे बहुतेक राज्यांत विधिमंडळच करतं. म्हणजे ज्यांना निवडून यायचंय, पट्टी-पेन्सिल त्यांच्याच हातात.

फिलिबस्टरचा मूळ अर्थ समुद्री चाचा. राजकारणात त्याचा अर्थ असा: अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, विधेयक रोखायला बोलतच राहायचं. १९३५ साली सिनेटर ह्यूई लाँग साडेपंधरा तास बोलले. त्यात तळलेल्या कालवांची पाककृतीही सांगून झाली. १९५७ साली सिनेटर स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले, तरी ते मंजूर झालंच. हल्ली एवढे कष्ट क्वचितच कोणी घेतं. १०० पैकी ६० मतं नसतील तर चर्चा थांबवता येत नाही, आणि विधेयक तिथेच रुततं. तेव्हा 'फिलिबस्टरमुळे अडलं' असं वाचलंत तर भाषण शोधत बसू नका.

लेम डकचं 'लंगडं बदक' कृपा करून करू नका. नोव्हेंबरात नवा माणूस निवडून आला तरी २० जानेवारीपर्यंत (१९३३ सालच्या घटनादुरुस्तीआधी ४ मार्चपर्यंत) जो जुना अध्यक्ष खुर्चीवर असतो तो हा. मी सरळ 'मावळते अध्यक्ष' लिहितो. मावळते असले तरी सही चालते बरं का: २०२५ मध्ये पायउतार होण्याच्या काही मिनिटं आधी बायडन यांनी आपल्या भावंडांना माफी जाहीर केली होती.