वडिलांच्या स्मरणसभेत काय बोलायचं?

"सगळे म्हणतायत देवमाणूस गेला, आणि मला मेलं दोन वाक्यं सुचत नाहीयेत, मी कृतघ्न आहे का हो?" कधी वर्षश्राद्धाच्या आधी, कधी शोकसभेच्या आदल्या दिवशी, हा प्रश्न माझ्याकडे येतच असतो, म्हणून आज सविस्तर लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पन्नाशीचे एक गृहस्थ, मूळचे नगरचे (आताचं अहिल्यानगर). अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ मध्ये सुरू झालं, आणि यांच्या घरात ख्रिस्ती श्रद्धा कितीतरी पिढ्यांची. वडील वर्षानुवर्षं चर्चच्या कमिटीवर, पाळकसाहेब बाहेरगावी गेले की उपासना तेच घ्यायचे, 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक बांधून ठेवलेले, मंडळीत कुणाकडे मयत झाली की रात्री-अपरात्री हजर. आणि घरात? पहाटेच्या प्रार्थनेत वचन चुकलं की हातावर पट्टी. थोरल्या मुलीने समाजाबाहेर लग्न केलं तेव्हापासून प्रार्थनेत तिचं नाव नाही. एकेका मुलाचं, नातवंडाचं नाव घ्यायचे, तिच्या जागी आले की क्षणभर थांबायचे आणि पुढे जायचे. "ते थांबणं मला अजून ऐकू येतं मॅडम."

रविवारी स्मरणार्थ उपासना होती आणि मोठा मुलगा म्हणून यांना बोलायचं होतं. "खरं बोललो तर पप्पांची अब्रू जाते, गोड बोललो तर ताई समोरच बसलेली असणार."

आधी मी त्यांना मनसोक्त चिडू दिलं. माणूस गेला तरी नातं चालूच राहतं, ते फक्त नव्याने मांडावं लागतं, या विचाराची मी आहे, आणि राग आत कोंडलेला असताना काही मांडता येत नाही हे मी खूपदा बघितलंय.

मग एकदा सहज विचारलं, "शास्त्र तुम्हाला पाठ आहे, बायबलमधल्या दावीद राजाचं मोठेपण सांगणाऱ्यांनी त्याच्या चुकांचं काय केलं?"

उत्तर लगेच आलं. "शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात सगळं आहे. बथशेबा या दुसऱ्याच्या बायकोशी संबंध, तिच्या नवऱ्याला युद्धात मारवणं, नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावणं."

मग गप्प झाले. बराच वेळ. आणि स्वतःच म्हणाले, "पण इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात, विसाव्या अध्यायात, तेच राब्बा शहराचं युद्ध आहे आणि हे प्रकरण नाहीये. सरळ पुढे जातं."

"मग खोटं कुठलं?"

"कुठलंच नाही, दोन्ही शास्त्रातच आहेत की!" हे म्हणताना त्यांचे खांदे सैल पडलेले मला दिसले.

मी ख्रिस्ती नाही, हा फरक मला ठाऊकही नव्हता. उत्तर पूर्णपणे त्यांचं, पण तो प्रश्न त्या क्षणी मला सुचला याचं समाधान मला आजही आहे. आपण बाहेरून दिलेला सल्ला दाराबाहेर पडेपर्यंत टिकतो, ज्या श्रद्धेत माणूस वाढला तिच्यातून सापडलेलं उत्तर तो कायम धरून ठेवतो, हे मला तेव्हा लख्ख कळलं.

रविवारी ते वडिलांनी केलेल्या मयतीच्या धावपळीबद्दल बोलले, "पप्पा फार कडक होते, आम्हा मुलांना त्याचा त्रासही झाला" एवढं एकच वाक्य बोलले, आणि शेवटी प्रार्थनेत सगळ्यांची नावं घेतली, ताईचं तिच्या वयाच्या क्रमाने, सगळ्यात पहिलं. त्या रात्री ताईने फोन करून तासभर वडिलांवर राग काढला. मला फार बरं वाटलं हे ऐकून, कारण घरातलं शमुवेलाचं पुस्तक शेवटी उघडलं गेलं.

तर तुमच्यावर अशी वेळ आली तर सभेत तेवढंच सांगा जे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, 'देवमाणूस', 'आदर्श पिता' हे शब्द इतरांना वापरू दे. जे सभेत सांगणार नाही ते भावंडांपैकी कुणाशी तरी नक्की बोला, नाहीतर ते आपल्या मुलांवर निघतं. आणि घरात नुसता कडकपणा नसेल, खरंच अत्याचार झाला असेल, तर बोलायला उभं राहायची काहीही सक्ती नाही, पाळकसाहेबांना किंवा गुरुजींना आधीच सांगून ठेवा म्हणजे ते दुसऱ्या कुणाला तरी बोलायला सांगतील.