धावा : 'देवाचा' की 'देवाकडे'?

एका प्रार्थनासभेच्या पत्रकात 'एकटेपणाच्या काळात परमेश्वराकडे धावा करू या' असं वाक्य होतं. त्यावर दोन आक्षेप आले, म्हणून हा प्रश्न विचारला गेला आहे. 'परमेश्वराकडे' हे बरोबर आहे का, हा पहिला. दुसरा जास्त गंभीर आहे : ज्याचा विश्वास आहे त्याने शांतपणे प्रार्थना करावी, धावा करणं म्हणजे विश्वास डळमळल्याचं लक्षण.

व्याकरणाचं आधी सांगते. धावा हा शब्द पुल्लिंगी आहे आणि तो षष्ठी घेतो : देवाचा धावा. 'देवाकडे प्रार्थना' या वळणाने 'देवाकडे धावा' आलं असावं. मी ते लिहिणार नाही. क्रिकेटमधल्या धावा म्हणजे 'धाव' या स्त्रीलिंगी शब्दाचं अनेकवचन. मूळ दोन्हीकडे धावणे हेच.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तरही या मुळातच आहे. संकटात सापडलेला माणूस 'देवा, धाव!' म्हणतो, त्या हाकेला धावा म्हणतात. द्रौपदीने कृष्णाचा केला तो हाच. धावा करणारा जागचा हलत नाही, बहुतेक वेळा त्याला हलताच येत नाही. धावायचं असतं ते ज्याला हाक मारली त्याने. 'प्रार्थना' शब्दात मागणं आहे, आणि मागायचं तर काय हवं ते ठाऊक लागतं, ते मांडता यावं लागतं. धाव्यात एवढंच असतं : तू ये.

एका आजारपणात मी अकरा दिवस एका खोलीत एकटी होते. दार दिवसातून तीनदा उघडायचं. सातव्या रात्री 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला घेतलं आणि 'तुझे नाव पवित्र मानले जावो' याच्यापुढे शब्दच आठवेनात. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना! पांघरुणाची कड मुठीत धरून मी नुसतं 'ये, ये' म्हणत राहिले. तेव्हा वाटलं होतं, आपली प्रार्थना तुटली. आज तसं वाटत नाही.

कारण पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, अशी हाक जागोजाग आहे. त्यातल्या स्तोत्रसंहितेतलं सत्तरावं स्तोत्र अवघ्या पाच ओव्यांचं. त्याची सुरुवात देवाला 'त्वरा कर' म्हणून होते आणि शेवटच्या ओवीत पुन्हा तेच. तिथलं मूळ हिब्रू भाषेतलं क्रियापद घाई करण्याचं आहे. आपलं 'धाव' त्याच्या अगदी शेजारचं. इजिप्तच्या वाळवंटात एकेकटे राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांमध्ये वावरलेल्या जॉन कॅसियनने पाचव्या शतकात लिहून ठेवलंय की, या स्तोत्राची पहिली ओवी प्रत्येक अवस्थेत, झोपेतून उठतानासुद्धा, ओठांवर असावी. पुढे चर्चच्या रोजच्या प्रहरांच्या प्रार्थनांची सुरुवातच या ओवीने होऊ लागली. म्हणजे घाबरलेल्याची हाक हे रोजच्या उपासनेचं दार झालं.

'शांतपणे' या शब्दावर मात्र मला थोडं अडून बसायचं आहे. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय येशूला हाका मारू लागला, तेव्हा लोकांनी त्यालाही गप्प राहायला दटावलं होतं. तो आणखीच ओरडला. येशू थांबला, आणि त्याला बोलवा म्हणाला. तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं, हेही त्यालाच सांगितलं.

आणि उत्तर आलंच नाही तर? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अशाच माणसाचं आहे. तो रात्रंदिवस आक्रोश करतो, जिवलग दूर गेलेत, आणि हिब्रूत स्तोत्राचा शेवटचा शब्द आहे अंधार. त्याला कुणी सांत्वनाची एक ओळ जोडली नाही. ते तसंच स्तोत्रसंहितेत ठेवलं गेलं, दीडशे स्तोत्रांमधलं एक म्हणून. निराश माणसासाठी याहून मोठा आधार मला सापडलेला नाही : अंधारात संपणारा धावाही प्रार्थनाच धरला गेला आहे.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या तोंडी असलेला अरामी भाषेतला एक उद्गार प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी आहे, 'मारानाथा'. त्याचा अर्थ सहसा 'हे आमच्या प्रभू, ये' असा घेतात. म्हणजे तोही धावाच.

तेव्हा पत्रकातला 'धावा' काढू नका. फक्त 'परमेश्वराकडे'चं 'परमेश्वराचा' करा.