गाजराची भावकी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: लाल, केशरी आणि कांजीचे काळे गाजर, या वेगवेगळ्या जाती आहेत का?

नाही. बाजारात आपण ज्याला ‘जात’ म्हणतो तो वाण. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तिन्ही गाजरे एकाच जातीची, डॉकस कॅरोटा. लाल रंग टोमॅटोतल्या लायकोपीनचा, काळा जांभळातल्यासारख्या अँथोसायनिनचा. केशरी रंग उतरायला तीन जनुके अप्रभावी रूपात (दोन्ही प्रती तशाच असल्या तरच परिणाम दिसतो अशा रूपात) असावी लागतात, असे २०२३ साली ६३० गाजरांच्या जनुकसंचांवरून दिसून आले.

प्रश्न: युरोपात रस्त्याकडेला पांढऱ्या छत्रीसारखी फुले पाहिली. ते रानगाजर म्हणे. खरेच?

खरेच. पान चुरगळले की गाजराचाच वास येतो. मूळ मात्र बारीक, पांढरे, लाकडासारखे. चाखून बघू नका, याच कुळातले विषारी हेमलॉक दिसायला फार जवळचे आहे. रानगाजर आणि शेतातले गाजर, दोघांचीही गुणसूत्रे १८, आणि कीटकांमार्फत त्यांचा संकर सहज होतो. २०१३च्या डीएनए अभ्यासात आपले गाजर मध्य आशियातल्या रानगाजराला सर्वांत जवळचे निघाले. म्हणजे माणसाने ते शेतात आणले ते त्या भागात.

प्रश्न: शास्त्रज्ञ वनस्पतींची नावे सारखी का बदलतात? पाठ केलेले वाया जाते!

तुमचा त्रास समजतो, पण गाजराच्या भावकीत बदल हवाच होता. रानगाजराचे फळ हातात घ्या. आघाड्यासारखे कपड्याला चिकटते, कारण त्यावर काटे असतात. (पुडीतल्या बियाण्याचे काटे घासून काढलेले असतात.) अटलांटिक महासागरातल्या मदेइरा बेटावर मेलॅनोसेलिनम नावाची वनस्पती आहे: पुरुषभर उंच, लाकडी खोडाची, फळांना काट्यांऐवजी पंख. कोण तिला गाजर म्हणेल? काटेवाले एका गटात, पंखवाले दुसऱ्या गटात, अशी वाटणी वर्षानुवर्षे चालली. डीएनए पाहिले तर ती थेट गाजराच्या भावकीत! एकाच घराण्यात काटेही आले आणि पंखही. २०१६ साली तिला, केप व्हर्द बेटांवरच्या टॉर्नाबेनिया या वनस्पतीसह, डॉकस प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घेतले.

उलटेही घडले. लिबियातले केसासारख्या पानांचे डॉकस कॅपिलिफोलियस स्वतंत्र जात मानले जाई. जनुकांनी ते गाजराच्या आतच बसवले, आता ती उपजात आहे. समुद्रकाठच्या जाड पानांच्या गाजरांची ‘गमीफर’ उपजात तर एका वंशाची नाहीच. खाऱ्या वाऱ्यात वेगवेगळ्या किनाऱ्यांवर तेच रूप पुन्हापुन्हा घडले. ते नाव अजून वापरात आहे. माझ्या मते ते सोडायला हवे.